मेट

रात्रीचे पावणेदोन. पांझरेकडून गारवा येतोय.
सिव्हिलच्या मागच्या प्रयोगशाळेत लेझर तापलाय
आणि उखा मालचेचं रक्त
एकामागे एक पेशी, अशी रांग लावून
उजेडासमोरून जातंय.

रांगेतल्या बहुतेकींना मी ओळखते.
रीतसर शिकलेल्या टी-पेशी.
आधी आडनाव विचारतात, मग भावकी,
माणसागणिक वेगळा दाखला तपासतात,
पंचनामा करतात,
आणि आठवड्याने फौज पाठवतात.

मी शोधतेय दुसऱ्याच.
इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की त्यांचं नाव होतं मेट.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं.
लळिंगच्या चढावर, अर्ध्या वाटेत, एका जोत्यावर बसवून
देवरेसर म्हणाले होते,
इथं मेट असेल. ज्यांनी राजाला कधी पाहिलं नाही
ती माणसं इथं जागत असतील.

यांचंही तसंच.
ज्या ताटलीत या डोकावतात
ती सगळ्यांच्या देहात एकच: कलेक्टरच्या, माझ्या, उखाच्या.
ताटलीत काय? एक शिंतोडा.
जंतू ब-दोन जीवनसत्त्व रांधतात तेव्हा उडालेला.
आपल्या देहात ही चूल पेटतच नाही.
म्हणून धूर दिसला, की समजायचं
घरात कुणी परकं रांधतंय.

फागण्याला आईच्या पातेल्यात
बिबड्यांची ज्वारी तीन दिवस भिजायची.
चौथ्या दिवशी आई झाकणाला हातही न लावता
ओसरीवरूनच सांगायची: झाली. घाटा लावा आता.
हे तिला कुणी शिकवलं
ते तिलाही ठाऊक नव्हतं.

सकाळी वॉर्डात सुई टोचताना मी उखाला विचारलं,
बत्तीस वर्षं कापडण्याचा जागल्या होतात,
अंधारात चोर ओळखायचात कसा?
नाव विचारायचात?
"नाव काय करानं माय," तो म्हणाला, "वास येस ना."
खोकला. रुमाल तोंडाला. बराच वेळ.
मग मी न विचारताच
अमावस्येच्या एका रात्रीचं सांगितलं.
बहिणीचा पोरगा सुरतेहून आलेला, न कळवता,
अंगाला कसल्यातरी नव्या साबणाचा वास.
"त्याना हात मोडना," तो म्हणाला.
"अजून वाकडा से."

मेटही हे करतात.
कधी चूल नसते, धूर नसतो,
शेजारच्या पेशींनी नुसती हाकाटी केली
तरी काठी घेऊन धावतात,
आतड्यात, सांध्यात, चरबी साठलेल्या यकृतात
आपल्याच घराची दारं फोडत सुटतात.
त्यांच्या चुलत बहिणी गॅमा-डेल्टा,
कातडीत नि आतड्याच्या अस्तरात मुक्कामी;
तिसऱ्या, मेदाचा माग काढणाऱ्या.
आमच्या पुस्तकात तिघींना मिळून एक परिच्छेद होता.
परीक्षेला येत नाही, असं सगळेच सांगायचे.

पडद्यावर मी चौकट आखते.
धडधाकट माणसाच्या शंभर टी-पेशींत
इथं तीन-चार ठिपके तरी पडावेत.
उखाच्या हजारात दोन.

मेल्या का?
की रक्त सोडून वर फुफ्फुसात गेल्या,
जिथं क्षयाची चूल महिनोन्‌महिने धुमसतेय?
क्षयात रक्त असं रितं होतं, हे माहीत आहे.
दोन्ही होत असेल. थकतही असतील.
फुफ्फुसात उतरून पाहायची परवानगी
माझ्या नळीला नाही.
फॉर्मवर रकाने दोनच, कमी आणि जास्त.
कामावर गेल्या, असा रकाना नाही.

मी "कमी"वर खूण करते.
पेन तिथंच थोडा वेळ राहतं.

अंगणापलीकडून वॉर्डातला खोकला ऐकू येतो.
थांबतो.
पुन्हा येतो, आता जरा खालच्या सुरात,
झोपलेल्या गावाला जाग येऊ नये
अशा बेतानं.

पुढची नळी लावते.
नाव झाकलेलं. नमुना एकोणीस.