द्वारकेला डावीकडे

तीन रजा जुळल्या, एवढीच पुण्याई.
हेमलताच्या शाळेला नाताळची सुट्टी,
माझ्या दवाखान्यातले डॉक्टरच गावाला.
जेल रोडला तिच्या गच्चीवर
वाळत घातलेल्या मेथीशेजारी नकाशा पसरला,
उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार पेरू.

मी म्हटलं, साल्हेर.
उंच, उघडा, वाऱ्याचा.
गवत आता पार पिवळं झालं असेल,
माथ्यावर परशुरामाचं एवढंसं देऊळ,
गुहेत मुक्काम,
सकाळी सालोट्याच्या खांद्यावर ऊन.
शिवाय तुझंच बागलाण,
जाता जाता तुझ्या आईच्या हातची भाकरी.

ती म्हणाली, कुलंग.
का, तर म्हणाली, झाडी आहे.
मग म्हणाली, पाण्याची टाकी आहेत ओळीनं.
मग, तिकडे फारसं कोणी फिरकत नाही.
भूगोलाची बाई एका डोंगरासाठी
तीन कारणं देते
तेव्हा चौथं पदरात लपवलेलं असतं,
वीस वर्षांत एवढं कळायला लागलंय.

मी गुडघा पुढे केला.
कुलंगची चढण संपत नाही म्हणतात.
ती म्हणाली, गुडघा तुझा साल्हेरलाही येणारच.
आंबेवाडीच्या लखू खाडेला फोन लावला.
‘पाणी हाय, बाई.
वरल्या टाक्यात माकड पडलं व्हतं, काढलं.
तुम्ही पल्याडलं प्या.’
हिनं माझ्याकडे असं बघितलं
जणू माकड काढणं
हा कुलंगच्या बाजूचा मुद्दाच आहे.

तेवढ्यात तिच्या आईचा फोन.
‘कथा चालनी व?’
कुलंग, माय.
‘तठे काय शे?’
हेमलतानं फोन माझ्या हातात दिला.
मलाही सांगता येईना
तिथे काय आहे.

अंधार पडला. मेथी गोळा केली.
कप विसळताना, नळाच्या आवाजाआडून, ती बोलली.
‘आमच्या ओट्यावरून दिसायचा रोज.
दात घासताना, शेळी पिळताना.
आप्पा चिडले की
दुसरं बघायला होतंच काय.
आता वर गेले
आणि वरून आमचा ओटा दिसला, तर?’
तर काय?
‘एवढासा दिसेल ना गं.’

नकाशा घडी घातला.
त्याची जुनी घडी बरोब्बर
दिंडोरीवरून जाते, तिथली गावं पुसली गेलीत.

पहाटे पाच. द्वारका चौक.
कांद्याचे ट्रक, शेकोटीशी दोन हमाल,
सिग्नल नुसताच पिवळा उघडमीट करत.
उजवीकडे धुळे, डावीकडे मुंबई.
ती उजवा इंडिकेटर देऊन थांबली.
टिक टिक टिक टिक.
मी खिडकीबाहेर बघत राहिले,
पानटपरीचं कुलूप, कुत्रं, कुलूप.
मागच्या ट्रकनं शिवी घातली
तेव्हा गाडी डावीकडे वळली,
इंडिकेटर मात्र विल्होळीपर्यंत उजवाच.

चढण खरंच संपली नाही.
कातळात कोरलेल्या पायऱ्यांवर
मी माझ्या गुडघ्याला लहान मुलासारखं समजावत होते,
ती पुढे, न बोलता, दर वळणावर थांबलेली.
माथ्यावर पोचलो तेव्हा
समोरच्या मदनच्या नेढ्यातून
आरपार आभाळ दिसत होतं.
टाक्यातलं पाणी गार, शेवाळाच्या वासाचं.
पल्याडलंच प्यालो.

स्टोव्हवर चहा चढवला तशी म्हणाली,
उत्तर कुठे?
भूगोलाच्या बाईनं विचारावं, आणि मला!
हात लांब करून दाखवलं.
तिकडे नुसती धूसर निळी रेघ,
तिच्यामागे आणखी एक,
मग तर रेघही नाही.
इतक्या लांबून नाही दिसणार, मी म्हटलं.
‘माहितीय,’ म्हणाली,
आणि चपला काढून
तिकडे तोंड करून बसली,
अगदी ओट्यावर बसल्यासारखी, पाय सोडून.

चहा उकळून उकळून कडू झाला.
मी हाक मारली नाही.