शिवणीत अडकलेलं

पारोळ्याच्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानाला लागून
माझं मशीन.
मी माप नजरेनंच घेतो,
टेप लावतो ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.
म्हणून उन्नतीच्या उजव्या भुवईच्या टोकाशी
तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी आहे
हे घरात आधी मलाच दिसलं,
ती सव्वा महिन्याची असताना, टाळूला तेल लावताना.
बोटाखाली सरकत नव्हतं.
दाबलं तरी ती रडली नाही.

आत्या म्हणाली, हाई लक्ष्मीनी गाठ शे, हात नका लावू तिले.
द्वारकाबाईंनी लसूण सांगितला.
कुणी तापवलेली अंगठी.
खोटं कशाला बोलू, तापवली होती मी एकदा.
पोर माझ्याकडे बघून हसली
आणि मी अंगठी पाण्यात टाकली.
चुर्र.

तुरीचा हरभरा झाला, हरभऱ्याचं बोर.
बालवाडीत शिंगवाली म्हणू लागले.

धुळ्याला गुजराथी मॅडमनी
स्कॅनचा काळा कागद उजेडाला धरला.
वाईट गाठ नाही. हाडातून आत गेलेली नाही.
पोटात असताना चेहरा जुळतो,
तेव्हा हाडांच्या सांध्यात
कातडीचा एक कण आत राहून जातो,
आणि तिथंच वाढत राहतो, एकटा.

म्हणजे शिवणीत कापड अडकतं तसं, मी म्हणालो.
त्या हसल्या नाहीत.
अगदी तसंच, म्हणाल्या.

जिन्यात बायको मटकन खाली बसली.
साडेतीन वर्षं ती ग्रहणाचा तो दिवस आठवत होती,
विळीवर आपण काय चिरलं होतं ते.
दोडकं, म्हणाली. नुसतं दोडकं.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटेपासून पाणीसुद्धा नाही.
मुकटीपर्यंत पोरीनं बिस्किट मागितलं,
पुढे मागायचं सोडलं.
ते जास्त लागलं.

पिशवी फुटू न देता अख्खी काढायची असते.
फुटली तर आतलं तेल पसरतं,
कण राहिला तर पुन्हा भरते.
शिवणं कुणालाही येतं, उसवताना कापड न फाटणं,
त्यात कारागीर कळतो.
दाराबाहेर मी खिशातल्या खडूचा
चुरा करून टाकला होता.

नंतर विचारलं, दोरा किती नंबरचा?
सहा-शून्य, म्हणाल्या. केसाहून बारीक.
चीर भुवईच्या केसांतच घेतलीय.

बाटलीत ती होती, पिवळट, गोल,
आणि तिच्या आत केस, असं सिस्टर म्हणाली.
पट्टी बांधलेली उन्नती एका डोळ्यानं बघत राहिली.
तिले तेल कोण लावस, बाबा?

आता भुवई भरलीय. कुणाला काही दिसत नाही.
मी मात्र तिची वेणी घालताना
अजून बोट फिरवतो तिथून.
टाके मोजायला नाही.
बोटाला सवय झालीय, बोट थांबतं,
खाली काही नसतं,
आणि ती म्हणते, ओढू नका ना.