तिसरा हात

थ्री शटल्सचं छत मी रंगवलं
दोन हजार सातच्या जुलैत, बंदीच्या दुसऱ्या आठवड्यात.
सोमवार. पब बंद. डोरीन पिकप शिडी धरून उभी.
म्हणाली, पांढरं कर, अगदी दवाखान्यासारखं.

मुळात कुठला रंग होता, कुणालाच आठवेना.
आता होता कडक चहाचा,
बारच्या डोक्यावर काळपट, खिडकीपाशी जरा दूध घातलेला.
साबणाचा बोळा फिरवला
आणि माझ्या कोपरापर्यंत ओघळ आले, काकवीसारखे.

पहिला हात दिला. सकाळी पिवळे डाग वर.
दुसरा दिला. डाग पुन्हा, थोडे लाजत.
आमच्या वॉल्टरसारखंच, डोरीन म्हणाली,
पुढच्या दारानं काढला की मागच्या दारानं आत.

वॉल्टरला जाऊन तेव्हा चार वर्षं झालेली.
फुप्फुसं.
गिरणीतल्या कापसाचा वाटा किती, दिवसाच्या चाळीस सिगारेटींचा किती,
डॉक्टरनं वाटणी करून दिली नाही.
डोरीननं जन्मात एक ओढली नव्हती,
तरी रात्री खोकायची तेव्हा वरची खिडकी वाजायची.
अख्ख्या पबात बंदीच्या बाजूची ती एकटी,
आणि बिअर तीच ओतायची,
म्हणून कुणी तोंडावर बोललं नाही.

तिसरा हात तेलाच्या रंगाचा. तो टिकला.

शुक्रवारी मंडळी आली, वर बघितलं,
टोप्या काढाव्यात की काय अशा चेहऱ्यानं बसली.
धूर गेला तसा कळलं, पबला वास काय काय आहेत:
सांडलेली बिअर, ओला गालिचा, मुतारी,
सिरिल हार्टलीचा कोट.
शिवाय सगळ्यांची तोंडं स्वच्छ दिसायला लागली.
तशी कुणाची मागणी नव्हती.

आल्फ नटर डॉमिनोचा डाव अर्ध्यात टाकून बाहेर जायचा,
मागोमाग डेनिस,
मग सिरिल, जो ओढत नसे, पण एकटा काय बसणार.
मागच्या अंगणात पत्र्याचं छप्पर आणि दीड भिंत;
त्याहून जास्त भिंती कायद्याला चालत नव्हत्या.
पेंडल डोंगरावरून पाऊस आडवा यायचा.
गप्पा तिकडे गेल्या.
आत डोरीन, टीव्ही, आणि माझं छत.

एकदा विचारलं तिला, चुकलं का गं?
ग्लास उजेडाकडे धरून म्हणाली,
पहाटे पाचपर्यंत सलग झोप लागते आता.
मग दाराकडे बघून,
झोपायला वेळही बराच मिळतो.

हिवाळ्यात आल्फ यायचा बंद झाला.
सुपरमार्केटात बिअरचा खोका निम्म्या भावात,
घरी आरामखुर्ची, राख हवी तिथे.
डॉमिनो एकट्याला कसा खेळता येतो, मी म्हटलं.
येतो की, तो म्हणाला,
फक्त दर वेळी आपणच हरतो.

लोक म्हणतात, बंदीनं मारलं.
असेल.
पण गिरणीचा भोंगा त्याआधी पंचवीस वर्षं गेला,
भाडं दरसाल वाढायचं, डेनिसचा मुलगा कॉफी प्यायचा.
मी रंगारी माणूस, मला एवढंच ठाऊक:
खालचं धरत नसेल तर वरच्या हाताला दोष देऊ नये.

पाच वर्षांनी पाटीवरचे तीन धोटे उतरवले.
चार फ्लॅट होणार होते; छताला बोलावलं मलाच.
जुन्या दिव्याची पितळी वाटी सोडवली
तर तिच्याखाली, बशीएवढं, फिकट निळं.

डोरीनला फोन लावला, ती आता बहिणीकडे, समुद्राकाठी.
निळं होतं, म्हटलं.
शक्य नाही, ती म्हणाली,
वॉल्टरनं ब्लॅकबर्नचा रंग डोक्यावर घेतला असता होय?
हसली. खोकली नाही. मी कान देऊन ऐकत होतो.

एकच हात दिला, मालकाला हवा होता तो साय-रंग.
मग मागे गेलो.
पत्रा अजून होता, डबड्यात पावसाचं पाणी.
काडी पेटवली,
आणि सवयीनं दोन माणसांची जागा सोडून
भिंतीला टेकलो.