गणपूर्ती

अ‍ॅनापोलिस. जानेवारी. खाडीवर बर्फाची साय.
मी झेडॉक पेटिंगिल, काँग्रेसचा नक्कलनवीस,
सकाळी सभागृह उघडतो, राख काढतो, बाकं मोजतो.
तेरा राज्यांची तेरा.
सात भरतात.
आठवं भरलंच, तर पहिल्यावरचे सद्गृहस्थ
दाढ धरून घरी निघतात.

नऊ लागतात.
नऊ राज्यांनी हो म्हटल्याशिवाय तह मंजूर नाही,
आणि तोवर आठ वर्षांची लढाई
कागदोपत्री अजून चालूच आहे.
तह माझ्याच कपाटात आहे,
उंदरांच्या भीतीने पत्र्याच्या डब्यात,
माझ्या पावाशेजारी.

माझं काम पत्रं लिहिण्याचं.
तेरा राज्यांना तेरा, मजकूर एकच :
आपल्या हिश्शाची रक्कम पाठवावी.
पहिल्या वर्षी नुसतं 'पाठवावी' होतं.
मग 'पाठवता आल्यास'.
परवा समितीने सांगितलं, 'सवडीने' घाला.
'हुकूम' हा शब्द आमच्या दौतीत बुडतच नाही.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, म्हणतात लोक.
आड आहेत हो. तेरा आहेत.
पोहराही आहे. दोर तेवढा
ज्याने त्याने आपल्या घरी नेलाय.

उत्तरं येतात.
शेजाऱ्याने दिले की देऊ, एकाने लिहिलं.
शेजाऱ्यानेही तेच लिहिलं, अक्षर जरा बरं.
एका राज्याने पैशांऐवजी अभिनंदन पाठवलं,
जाड, उंची कागदावर.
टपालहशील आम्हीच भरलं,
म्हणजे मी भरलं,
आणि केटुरा प्लमर बाईंनी त्या दिवसापासून
मेणबत्त्या उधार देणं बंद केलं.

मंगळवारी बार्झिलाय क्रेन आला,
डेलावेअरहून, पायी.
डाव्या हाताची दोन बोटं
कुठल्याशा ओढ्याकाठी ठेवून आलेला माणूस.
टोपी काढली नाही. टेबलावर चिठ्ठ्या मांडल्या,
पगाराच्या. सही आमची, शिक्का आमचा.
"आमच्याकडचा न्हावी ह्या भिंतीला लावतो," म्हणाला.
"खळ छान धरते म्हणे.
सरकार कुठंय? मला बोलायचंय त्याच्याशी."

तोवर दुपार कलली होती, सातही उठून गेले होते.
जॉर्जियाच्या बाकावर मांजर.
"बसा," मी म्हटलं, "येतील."

तो बसला. बराच वेळ बसला.
"राज्याला विचारलं, तर म्हणाले लढाई काँग्रेसची.
तुम्ही म्हणणार, तिजोरी राज्यांची.
मग ही दोन बोटं
कुणाच्या खात्यात मांडायची, ते तरी सांगा."

मी विस्तव सारखा केला.
म्हटलं, कर बसवता आला असता आम्हाला, तर...
"तर मीच बंदूक काढली असती," तो म्हणाला.
"करापायीच तर निघालो होतो ना घरातून."
आणि हसला. एकदाच. कोरड्या खोकल्यासारखं.

काळोख पडू लागला. एका बाकावर तो, एकावर मी,
एकावर मांजर.
नऊला सहा कमी.

जाताना म्हणाला, काहीतरी लिहून द्या,
रिकाम्या हाताने गेलो तर बायको विचारेल.
मी चुलीच्या उजेडात कागद ओढला.
डेलावेअरच्या खजिनदारांस.
हात आपला चालत गेला, सवयीने,
आणि थांबला तेव्हा 'सवडीने' लिहून झालं होतं.

त्याला वाचता येत नव्हतं.
कागद उजेडाकडे धरून म्हणाला, "काय लिहिलंत?"

"हुकूम," मी म्हटलं.

त्याने घडी घातली, तीन बोटांनी, सावकाश,
पहिल्यांदाच टोपी काढली,
आणि कागद तिच्या अस्तरात ठेवून
पुन्हा डोक्यावर घातली.