पसंतीक्रम

जानेवारीत आमच्याकडे रात्री दहालाही उजेड असतो.
यास्ना फॉर्मपुढे बसलीय.
पहिली पसंती मानसशास्त्र. पुसते.
अकाउंटन्सी. तेही पुसते.

आई म्हणते, पाच वर्षं लोकांची रडगाणी ऐकायला
वर फी भरायची?
ती तर माझ्या दुकानात फुकट मिळतात,
लोकरीच्या गुंड्यांसोबत.
बाबा खेकड्यांचे पिंजरे विणत राहतात.

मी दाराआड.
नेल्सनला न घेता बोट परतली, त्या जूनपासून
मी जेवणापुरतंच बोलतो.
आणि ती रोज माझ्या उंबऱ्याशी बसून बटाटे सोलते,
विचारत काही नाही.
साल मात्र इतकी पातळ काढते,
की घाई नाही, हे मला कळावं.

आज तिला सांगायचंय:
माझ्यासाठी निवडत असशील, तर नको.
मी काही तुझा अभ्यासक्रम नाही.
पुंता अरेनासमध्ये वारा पिसाळला
की चौकात दोर बांधतात, येणाऱ्याजाणाऱ्याला धरायला.
कोण धरेल,
बांधणाऱ्याला ठाऊक नसतं.
तसं निवड.

दार उघडलं खरं,
पण तोंडून एवढंच निघालं:
"चहा ठेवू?"

तिने मान वर केली नाही.
"दोघांचा," म्हणाली.