पारड्याखालची चिंच

मी वजनकाटे दुरुस्त करतो,
बोहरी आळीत, पितळेच्या दुकानामागच्या बोळात.
सोनाराचा काटा उघडला की
श्वाससुद्धा मान वळवून सोडावा लागतो.
मिलिग्रॅम म्हणजे काय, ते मला विचारा.

रात्री साडेनऊला माझी गोळी. बारा वर्षं झाली.
पांढरी, मधोमध चीर असलेली.
मंदा ती हातावर ठेवते
आणि मी गिळेपर्यंत टीव्ही बघत असल्यासारखं करते.
या गोळीनं भिंतीपलीकडची माणसं
माझं नाव घ्यायची थांबली.
थांबली असं नाही. दमली.

श्रावण लागला आणि झोप गेली.
नदीपात्रातला ढोलांचा सराव दहाला संपायचा,
माझ्या कानात दोनपर्यंत चालायचा.
डॉक्टर बाईंची तारीख सव्वीसची.
तोवर काय करायचं, म्हणून गेलो
पद्मावतीला, तापकीरांच्या औषधांच्या दुकानात.
“झोप लागत नाही. साधं काहीतरी द्या.”
साधं हा शब्द माझाच.
त्यानं सर्दीची गोळी काढली.
“हिनं गुंगी येते. चिठ्ठी लागत नाही.”
आणखी काही चालू आहे का, त्यानं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही. मागे उभ्या होत्या
आमच्या सोसायटीच्या खजिनदार, खळदकर बाई,
खोकल्याच्या बाटलीसाठी.

पहिल्या रात्री एक घेतली. तिसऱ्या रात्री दोन.
त्याला झोप म्हणता येणार नाही.
कोणीतरी अंगावर ओल्या वाळूचं पोतं ठेवून
निघून गेलं होतं.
पहाटे कधीतरी उठलो. जीभ
वाळलेल्या शाडूसारखी टाळूला चिकटलेली.
मोरीत उभा राहिलो, लघवी उतरेना.
नळ सोडला. पाणी पडत राहिलं, तरी उतरेना.
मग फरशी जवळ आली.

मंदाला आवाज आला तो बादलीचा.
मी तिला म्हणालो म्हणे,
“काकू, शिक्का बसेपर्यंत काटा वापरू नका.”
स्वतःच्या बायकोला काकू!
ती आता हसते हे सांगताना.
त्या पहाटे रिक्षात हसली नव्हती.

सातारा रस्त्यावरच्या इस्पितळात
छातीला वायरी लावल्या, नळी घातली,
आणि मिसरूड न फुटलेल्या डॉक्टरनं विचारलं,
“रोजचं काय चालू आहे?”
मंदानं पिशवीतून एक पाकीट काढलं.
मग दुसरं, माझ्या शर्टाच्या खिशात सापडलेलं.
त्यानं दोन्ही शेजारी ठेवली, बराच वेळ बघितली.
“काका, या दोघी एकाच बाजूला ओढतात.
गुंगीवर गुंगी. तोंड सुकतं, पोट बसतं, लघवी अडते,
डोकं भलत्याच गावाला जातं.
ठोक्याचा आलेख उद्या परत काढू. आज पडून राहा.”

मी पडून राहिलो. वर पंखा, त्याला जाळी.
आयुष्यभर मी लोकांचे काटे उलटे करून
पारड्याखाली बोट फिरवत आलो,
कुणी चिंच चिकटवलीय का बघायला.
चिंचेची गोळी, एवढीशी. दिसत नाही,
पण मापात येते.
आणि माझ्याच पारड्याखाली
मीच लावली होती, आठ रुपयांची.

डॉक्टर बाईंनी सव्वीसची वाट बघितली नाही.
रागावल्या. मग म्हणाल्या,
“झोप गेली, ही बातमी होती.
ती आधी मला कळायला हवी होती.”
दोन गोष्टी बदलल्या, त्या फाईलवर आहेत.

तापकीरांकडे परत गेलो, डोकेदुखीसाठी.
दुकान भरलेलं होतं.
मी रोजच्या गोळीचं नाव मोठ्यानं घेतलं,
अडखळत, कारण ते नाव अडखळायचंच आहे.
“हिच्याबरोबर चालेल ते द्या. नक्की नसेल, तर देऊ नका.”
तो गोळ्यांच्या कप्प्याकडे वळलेला हात
तसाच ठेवून उभा राहिला.
मग त्यानं फोन उचलला.

पाकिटात आता एक चिठ्ठी असते,
मंदाच्या अक्षरात, स्पेलिंग चुकलेलं.
ढोल अजून वाजतात. दोनला जाग येते कधी.
तेव्हा मी जागा असतो, इतकंच.