रुमालाखाली

माझ्याकडे दरपत्रक आहे.
अख्खी इमारत पंधरा कोटी,
डायलिसिसचा वॉर्ड तीन,
एक खाट अकरा लाख,
आणि ज्यांना नुसतंच नाव हवंय
त्यांच्यासाठी व्हरांड्यातला बाक, पंचवीस हजार,
पाठ टेकते तिथे पितळी पट्टी.

विद्यापीठाच्या या रुग्णालयात मी डॉक्टर नाही.
रक्तपेढीच्या वर, मोठ्या देणग्यांच्या खोलीत बसते.
रोज सकाळी आदल्या दिवशीच्या भरतीची यादी येते
आणि मी आजार सोडून आडनावं वाचते.

खानापुरे. लातूर. खाट चौदा. एकोणीस दिवस.
मग शोधत गेले:
दोन डाळमिल, बायपासला लागून अकरा एकर,
थोरला पुण्यात, धाकटीच्या लग्नात चार हजार पानं.
ऐपत: अ.
इच्छा: माहीत नाही.
विसाव्या दिवशी खाट चौदा कशी रिकामी झाली
तो रकाना आमच्या तक्त्यात नाही.

एमआयडीसीत सगळं पिवळं होतं,
पंख्याची पाती, मुनीमजींच्या भुवया,
हजेरीवहीची पानं, तुरीच्या भुकटीनं.
मी माहितीपत्रक उघडलं.
चित्रातल्या इमारतीपुढं हिरवळ,
हिरवळीवर कुठल्या तरी थंड देशातली झाडं.
‘ह्याला पानी कुठून आणनार?’ बसवणप्पा म्हणाले.
मी हसले. हसायचं असतं,
प्रशिक्षणात शिकवलंय.

हेही शिकवलंय:
आकडा एकदाच सांगायचा, पूर्ण, न अडखळता,
आणि गप्प बसायचं.
जो आधी बोलेल तो हरला.

‘तीन कोटी,’ मी म्हणाले.

चाळण हलत राहिली.
एक हमाल आला, माठातलं पाणी पिऊन गेला.
चहावर साय धरली.
फोन वाजला, त्यांनी तो पालथा ठेवला.
आमच्या दोघांच्या मधे खाट चौदा होती
आणि प्रत्येकाला वाटत होतं
दुसऱ्याला ती दिसत नाही.

‘बाई, लई आकडे बोलू लालाव तुमी.
आमच्या बापाच्या काळात भाव तोंडानं नसायचा.’
खांद्यावरचा पंचा काढला,
टेबलावरच्या माझ्या हातावर पसरला,
त्याखाली त्यांचा हात आला,
डाळ चोळून चोळून रेषा पुसलेला.
माझी तीन बोटं धरली.
दाबली.
जरा जास्तच वेळ धरून ठेवली, मग सोडली.

मुनीमजी भिंतीकडे बघत होते.
सौद्याच्या वेळी तिसऱ्यानं बघू नये, म्हणे.

मी विचारायला हवं होतं, तीन काय?
लाख, कोटी, खाटा?
रुमालाखाली बोटं असतात, शून्यं नसतात.
शून्यं दोघांना आधीच ठाऊक असावी लागतात,
त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या एकाच पेठेत बसावं लागतं,
मी तर दरपत्रक घेऊन पावणेदहाला आले होते.

‘कळलं का?’
‘हो.’

रेणापूर फाट्यावर गाडी बाजूला घेतली.
वहीत लिहिलं: तीन.
पुढची जागा सोडली.
पेनाला, स्टिअरिंगला, माझ्या कानाच्या पाळीलाही
तुरीचा वास.

आणि तेव्हा आठवलं,
गेल्या वर्षी त्या व्हरांड्यात बाक नव्हता.
दर ठरला होता, घेणारा मिळाला नव्हता.
एकोणीस रात्री हा माणूस
टेकला कुठं असेल?

संचालकांचा फोन.
‘काय म्हणाले? किती?’

‘तीन,’ मी म्हणाले,

आणि गप्प बसले.